पेशी तपासायच्या, टोचायच्या नव्हेत

पाचोडच्या मोसंबी पट्ट्यातून येणारा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: वडिलांना कंपवात आहे, त्यांच्याच रक्तातून स्टेम सेल काढून टोचल्या तर हाताची थरथर थांबेल का?

नाही.

स्टेम सेलचा खरा उपयोग आधी रोग तपासायला आहे. मोसंबीला डिंक्या लागला की साल, माती प्रयोगशाळेत नेता येते. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण देणार? ही अडचण जपानच्या शिन्या यामानाकांनी सोडवली. 2006 मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिची मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, केली, पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेवर तेच साधलं. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पेशीपासून चेतापेशी वाढवता येते आणि तिच्यात रुग्णाचीच जनुकं असतात. 2008 मध्ये अमेरिकेत एएलएस (स्नायू दुबळे करत नेणारा चेतापेशींचा आजार) झालेल्या 82 वर्षांच्या आजींच्या त्वचेतून स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी काचेच्या बशीत तयार झाल्या. जपानच्या केइओ विद्यापीठानं एएलएस रुग्णांच्या अशाच पेशींवर 1232 औषधं लावून पाहिली, आणि हाती लागली रोपिनिरोल, म्हणजे कंपवाताचीच जुनी गोळी! पुढची चाचणी अवघ्या 20 रुग्णांवर झाली. एवढ्यावर निकाल लागत नसतो.

बंगळुरूत निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांनी मिळून स्मृतिभ्रंश, मनोविकार असलेल्या कुटुंबांच्या रक्तातून अशा पेशी घडवल्या आहेत.

पण हा सगळा तपास आहे, उपचार नाही. स्टेम सेलची जाहिरात करणारे दवाखाने कमरेच्या हाडातली मज्जा नाहीतर पोटाची चरबी काढून टोचतात; त्यातल्या पेशी तर या पेशीही नव्हेत. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांतलं मज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच द्यायच्या. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून या.

कोणी म्हणेल, “जपानमध्ये देतात की!” होय, क्योतोमध्ये कंपवाताच्या सात रुग्णांना चाचणीत दिल्या, 2025 मध्ये निष्कर्ष छापून आले. पण त्या निरोगी दात्याच्या पेशींपासून घडवलेल्या होत्या, शस्त्रक्रिया करून थेट मेंदूत सोडल्या, नंतर दोन वर्षं तपासण्या केल्या. सलाईनमधून दिल्या नाहीत!

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाग गहाण टाकायला सातबारा लगेच सापडतो आणि म्हाताऱ्याची कंपवातावरची लिव्होडोपाची गोळी मात्र आठ-आठ दिवस आणायची राहते! ती गोळी वेळेवर द्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चाचणीची नोंद सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीच्या, संकेतस्थळावर फुकट दिसते. घरातल्या कॉलेजच्या पोरीला बघायला सांगा, आणि नोंद सापडेपर्यंत खिशात हात घालू नका.