पाचव्या महिन्यातले माहेर
(मंडळाच्या महिला शाखेत एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त गर्भारपणातील सोनोग्राफीविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय वैद्यकाचा खरा. परंतु माझ्या डोळ्यांपुढे आहे ती परमुलखात संसार मांडून बसलेली आपली पहिलटकरीण. आपली रीत तिला सातव्या महिन्यात माहेरी पाठवते. तिच्या मनाची खरी परीक्षा मात्र पाचव्या महिन्यातच होते, आणि तेव्हा ती येथे, आईपासून शेकडो कोस दूर असते.

ही परीक्षा म्हणजे १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणारी तपशीलवार सोनोग्राफी. पुष्कळ जणींना वाटते की, हा क्ष-किरणांचाच प्रकार. तसे नव्हे. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटावरून आत सोडायच्या आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र उमटवायचे, एवढेच हे तंत्र. आपल्या कारखान्यांत धातूच्या जोडणीतील भेग याच तत्त्वाने शोधतात. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यातले असेच यंत्र वापरून, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवरील निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पोलादातील दोष शोधणारी विद्या अशा रीतीने मातेच्या उदरापर्यंत पोहोचली.

विसाव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि साधारण ३०० ग्रॅम वजनाचे असते. डॉक्टर त्याचा मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, जठर, मूत्रपिंडे, हातपाय क्रमाने पाहतात. वार कोठे आहे, गर्भजल पुरेसे आहे की नाही, हेही पाहतात. बाळ पाठ फिरवून बसले, तर आईला थोडे फिरून यायला सांगतात. डॉक्टर मध्येच गप्प झाले, म्हणजे काही अशुभ दिसले असे समजू नये. बहुधा ते मोजमाप घेत असतात. मात्र हेही ध्यानात असू द्यावे की, या तपासणीत सर्वच व्यंगे दिसत नाहीत. अहवाल चांगला आला तर तो मोठा दिलासा असतो. ती हमी नव्हे.

आता एक कटू गोष्ट. तपासणी आटोपताच गावाकडून दूरध्वनी येतो आणि पहिला प्रश्न असतो, "काय आहे?" प्रकृती कशी आहे, हे नंतर. गर्भलिंग सांगणे व विचारणे दोन्ही कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने याविषयी १९८८ साली स्वतःचा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली संमत होऊन १९९६ पासून अमलात आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ असलेल्या मुली २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आल्या. हा आकडा आपल्या मायभूमीचा आहे. तो ऐकून मान खाली जाते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी तपासणीला एकटीच आली होती. यजमान कामावर, सासर-माहेर दूर. बाळाच्या एका मूत्रपिंडात किंचित पाणी साठलेले दिसले. असे बऱ्याचदा आढळते आणि बहुतेक वेळा आपोआप निवळते. पुन्हा तपासून लक्ष ठेवावे लागते, इतकेच. मी हे समजावून सांगितले. पण तिच्या कानांत 'दोष' हा एकच शब्द घुमत राहिला. आईला कळवावे तर ती तिकडे काळजीने खंगेल, म्हणून तिने कोणालाच सांगितले नाही. अखेर आपल्या मंडळातील एका काकूंना तिचा चेहरा पाहूनच शंका आली. त्यांनी तिला घरी नेले, गरम वरणभात वाढला, सारे ऐकून घेतले आणि पुढच्या तपासणीला तिचा हात धरून त्या माझ्या दालनात आल्या. बाळ सुखरूप जन्मले. मूत्रपिंडही निर्दोष ठरले. ते बाळ आता मंडळाच्या गणेशोत्सवात नाटुकल्यात काम करते. मुलगा की मुलगी, हे मी आजही सांगणार नाही!

त्या दिवशी माझ्या यंत्राने एक काम केले आणि काकूंनी दुसरे. त्यांचे काम यंत्राला कधीच साधणार नाही. म्हणून माझी विनंती एवढीच : पतीने त्या दिवशी रजा काढावी, ते न जमल्यास मंडळातील कोणीतरी सोबत जावे. मनातले प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि निःसंकोच विचारावेत. डोहाळजेवणाची ओटी आपण हौसेने भरतोच. त्याआधी, पाचव्या महिन्यात, तिच्या दारी एकदा जाऊन यावे.

पन्नास वर्षे या मंडळाने परमुलखात आपली भाषा जपली. पहिलटकरणीला माहेर देणे, हेही त्याच व्रताचे अंग आहे.