कायदेमंडळांतील प्रश्नाचा तास

इ. स. १८९३ च्या फेब्रुवारी महिन्याची सोळावी तारीख. कलकत्त्यास गव्हर्नर-जनरलच्या कायदेमंडळाची बैठक भरली होती. अयोध्या प्रांतांतील भिनगा येथील राजांनीं त्या बैठकींत सरकारला एक प्रश्न विचारला. तो साम्राज्याच्या सरहद्दीसंबंधीं नव्हता, कीं रुपयाच्या हुंडणावळीसंबंधीं नव्हता. तो खेड्यांतल्या साध्या दुकानदारासंबंधीं होता. सरकारी अंमलदारांची स्वारी फिरतीवर निघाली म्हणजे मुक्कामाच्या गांवीं रसद पुरविण्याचें ओझें तेथील दुकानदारावर पडत असे. या रिवाजापासून त्या गरिबास जो जाच होतो त्याकडे सरकारचें लक्ष वेधावें, असा त्या प्रश्नाचा रोख होता. स्वारी, रसद आणि वेठ हे शब्द महाराष्ट्रांतील खेड्यांनाहि परके नव्हते.

हिंदुस्थानच्या वरिष्ठ कायदेमंडळांत १८९२ च्या कायद्याखालीं विचारला गेलेला हा पहिला प्रश्न होय. त्यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, ज्याच्यासाठीं प्रश्न विचारला गेला तो दुकानदार त्या सभागृहाच्या पायरीशींहि कधीं पोंचला नसता. दुसरी ही कीं, उत्तर मिळाल्यावर राजेसाहेबांना पुढें एक अक्षरहि विचारण्याची मुभा नव्हती. प्रश्न विचारावा, उत्तर ऐकावें आणि खालीं बसावें, एवढाच त्या वेळचा अधिकार होता. या दुसऱ्या गोष्टींत प्रश्नोत्तरांच्या साऱ्या इतिहासाचें मर्म सांपडतें.

ही प्रथा मूळची इंग्लंडांतली. तेथें नमूद असलेला पहिला प्रश्न ९ फेब्रुवारी १७२१ या दिवशीं उमरावांच्या सभेंत विचारला गेला. साउथ सी कंपनीचा फुगा नुकताच फुटला होता व हजारों लोकांचा पैसा बुडाला होता. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट हा देशाबाहेर पळाला होता. त्याला ब्रुसेल्स येथें पकडल्याची वार्ता खरी आहे काय, असें अर्ल कूपर यांनीं मुख्य मंत्री अर्ल संडरलंड यांना विचारलें. म्हणजे पहिला नमूद प्रश्नच मुळीं लोकांच्या बुडालेल्या पैशासंबंधीं होता. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १८३५ सालीं, प्रश्नाची सूचना कामकाजाच्या पत्रिकेवर छापण्याची वहिवाट पडली. छापलेला प्रश्न मंत्र्याला चुकवितां येत नाहीं, आणि तो वाचणारे सभागृहाबाहेरहि असतात. त्यामुळें या लहानशा सुधारणेचें महत्त्व मोठें होतें.

हिंदुस्थानांत हा हक्क एकदम पदरांत पडला नाहीं. तो पायरीपायरीनें आला. १८६१ च्या कायद्यानें कायदेमंडळाला केवळ कायदे करण्यापुरतें बोलावलें होतें. कारभाराविषयीं विचारण्यास वाव नव्हता. १८९२ सालीं प्रश्नाचा हक्क मिळाला, पण तो मुका. १९०९ च्या सुधारणांनीं उपप्रश्नाची वाट उघडली. मात्र ती मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच. १९१९ च्या कायद्यानंतर झालेल्या नियमांनीं ती सर्व सभासदांना खुली झाली, व १९२१ पासून बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठीं राखून ठेवण्यांत आला. त्याच सुमारास प्रांतांतून शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशीं कांहीं खातीं लोकांनीं निवडून दिलेल्या मंत्र्यांकडे आलीं. मुंबईच्या कायदेमंडळांत शाळा आणि दवाखाने यांविषयीं विचारलेल्या प्रश्नाला आतां आपल्यांतलाच एक मनुष्य उत्तर देऊं लागला.

उपप्रश्नाला एवढें महत्त्व कां, हें कोणत्याहि वकिलाला सांगावें लागत नाहीं. लेखी कैफियत कितीहि सफाईनें लिहितां येते. उलटतपासणींत माणसाचा कस लागतो. छापील प्रश्नाचें उत्तर खात्यांतील अधिकारी चार दिवस बसून तयार करतात. त्यांत शब्द जपून घातलेले असतात. परंतु सभासद उठून विचारतो, “मग ती रक्कम कोणाच्या हुकुमानें दिली?” तेव्हां मंत्र्याला स्वतः उभें राहून, तेथल्या तेथें बोलावें लागतें. आपलें खातें त्याला कितपत ठाऊक आहे, तें त्या मिनिटांत साऱ्या सभागृहाला कळून येतें.

आजची पद्धति याच पायावर उभी आहे. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास, सकाळीं अकरा ते बारा, हा प्रश्नांचा असतो; राज्यसभेंत २०१४ पासून तो दुपारीं बारा वाजतां घेतला जातो. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवें त्याच्यापुढें तारा छापतात, म्हणून तो तारांकित. ज्याला लेखी उत्तर पुरे तो अतारांकित. तांतडीच्या विषयासाठीं अल्पसूचना प्रश्न असतो. लोकसभेंत एका दिवसाच्या यादींत तारांकित प्रश्न वीस व अतारांकित दोनशें तीस असतात. सूचना साधारणतः पंधरा दिवस आधीं द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न यादींत वर यावा हें सोडत काढून ठरवितात; तेथें वशिला चालत नाहीं. प्रश्नांत वाद घालूं नये, टोमणा मारूं नये, अनुमान काढूं नये, न्यायालयापुढें असलेला विषय काढूं नये, असे निर्बंध आहेत. प्रश्न माहितीसाठीं असावा, व्याख्यानासाठीं नसावा, हा त्यांतला हेतु.

मुंबई व नागपूर येथें भरणाऱ्या महाराष्ट्राच्या विधिमंडळांतहि हेच प्रकार आहेत, आणि तेथील प्रश्नांचा एक ठराविक मराठी साज बनून गेला आहे. “अमुक तालुक्यांतील सरकारी दवाखान्यांत वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे, हें खरें आहे काय? असल्यास, ती भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाचीं कारणें काय?” त्यावर उत्तरांचेहि साचे ठरलेले आहेत. “होय.” “हें खरें नाहीं.” “हें अंशतः खरें आहे.” आणि सर्वांत सोयीचें म्हणजे, “प्रश्न उद्भवत नाहीं.”

या साच्यांना हंसणें सोपें आहे. परंतु तो प्रश्न छापला गेल्यापासून काय घडतें, तें पाहावें. प्रश्न मंत्रालयांत येतो, तेथून जिल्ह्याला जातो, जिल्ह्याहून तालुक्याला. ज्या कारकुनाच्या मेजावर त्या दवाखान्याचे कागद कित्येक महिने निपचित पडले होते, त्याला ते धुंडाळून वर पाठवावे लागतात. जागा केव्हांपासून रिकामी आहे, मागणी केव्हां केली, ती कोठें अडली, हें आतां कोणाला तरी सही करून सांगावें लागतें. ही विचारपूस चालूं असतांनाच कधीं कधीं जागा भरली जाते, आणि सभागृहांत उत्तर येतें कीं, नेमणूक झाली आहे. अशा वेळीं वर्तमानपत्रांत चार ओळीहि येत नाहींत. पण दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या रोग्याचें काम झालेलें असतें. प्रश्नाचा पुष्कळसा उपयोग असा निःशब्द असतो.

कधीं मात्र त्याचा आवाज साऱ्या देशाला ऐकूं जातो. १९५६ सालीं आयुर्विम्याचा धंदा सरकारनें आपल्या हातीं घेतला व आयुर्विमा महामंडळ स्थापन केलें. कारकून, शिक्षक, लहान दुकानदार यांनीं पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते त्या महामंडळाच्या तिजोरींत होते. १९५७ च्या जून महिन्यांत महामंडळानें हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे भाग सुमारें एक कोटी चोवीस लाख रुपयांस खरेदी केले. त्या कंपन्यांची स्थिति चांगली नव्हती. त्याच वर्षीं रामसुभग सिंग यांनीं या खरेदीविषयीं लोकसभेंत प्रश्न विचारला. सरकारी उत्तरानें कोणाचें समाधान झालें नाहीं. पुढें तोच विषय पुन्हां आला, आणि १६ डिसेंबर १९५७ रोजीं फिरोज गांधी यांनीं आंकडे व तारखा हातीं घेऊन तो सभागृहापुढें मांडला. हे दोघेहि सभासद विरोधी पक्षाचे नव्हते. दोघेहि काँग्रेसचे, आणि फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जांवई.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनीं १९५८ च्या आरंभीं मुंबईंत ती चौकशी उघडपणें चालविली व थोड्याच आठवड्यांत संपविली. खात्याच्या चिटणिसानें जें केलें त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळतां येणार नाहीं, असा त्यांचा निर्णय झाला. फेब्रुवारी १९५८ मध्यें अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. खरेदीला आठ महिनेहि झाले नव्हते. ज्या गोष्टीचा उगम दप्तरांतील कांहीं कागदांत होता, ती एका प्रश्नाच्या वाटेनें उजेडांत आली. पहिल्याच उत्तरांत सरळ माहिती दिली असती, तर प्रकरण या थराला गेलें असतें कीं नाहीं, याचा विचार उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानें करण्यासारखा आहे.

परंतु जें शस्त्र एवढें धारदार, तें विकलेंहि जाऊं शकतें. १९५१ सालीं, हंगामी संसदेच्या काळांत, एच. जी. मुदगल या सभासदानें मुंबईच्या एका व्यापारी संस्थेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठीं संसदेंत प्रश्न विचारणें वगैरे कामें अंगावर घेतल्याचा आरोप आला. चौकशीसाठीं समिति नेमली गेली, व तिनें त्यांचें वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविलें. हकालपट्टीचा ठराव पुढें येतांच मुदगल यांनीं राजीनामा दिला. तरीहि ते हकालपट्टीस पात्र होते, असें सभागृहानें नमूद करून ठेवलें. त्या समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी हेच होते. प्रश्न विकणाऱ्याचा न्याय ज्यांनीं केला, त्यांनाच सात वर्षांच्या आंत एका न विकलेल्या प्रश्नापुढें पायउतार व्हावें लागलें. एवढ्यानेंहि धडा पुरा झाला नाहीं. डिसेंबर २००५ मध्यें प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्याबद्दल लोकसभेचे दहा व राज्यसभेचा एक, असे अकरा सभासद संसदेंतून काढून टाकण्यांत आले.

विक्री हा या हक्काचा एक शत्रु. दुसरा म्हणजे हेळसांड. वीस तारांकित प्रश्नांपैकीं तासाभरांत तोंडी उत्तर मिळतें तें मोजक्यांनाच. गोंधळांत तास बुडाला तर तेंहि नाहीं. राहिलेलीं उत्तरें लेखी म्हणून मेजावर ठेवलीं जातात, आणि उपप्रश्नाची संधि कायमची जाते. म्हणजे सभागृहांतील कोलाहलानें सभासद आपण होऊन १८९३ च्या पायरीवर जाऊन बसतात. १९६२ च्या युद्धकाळांत, १९७५ च्या आणीबाणींत व सप्टेंबर २०२० मध्यें साथीच्या दिवसांत प्रश्नाचा तासच वगळण्यांत आला होता. २०२० सालीं लेखी उत्तरें चालूं राहिलीं. त्या वेळीं जो वाद झाला तो लेखी उत्तर आणि समोरासमोर दिलेलें उत्तर यांतील फरकाचाच होता.

तिसरा शत्रु सर्वांत सभ्य आहे. “माहिती गोळा करण्यांत येत आहे,” “प्रकरण विचाराधीन आहे,” अशीं उत्तरें ऐकावयास गोड लागतात आणि विसरावयास सोपीं असतात. यावर उपाय लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळांत योजला गेला. मावळंकर १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. सभागृहांत दिलेला शब्द दप्तरांत कसा विरून जातो, हें त्यांनीं जवळून पाहिलें असलें पाहिजे. १९५३ सालीं सरकारी आश्वासनांवर देखरेख करणारी समिति नेमण्यांत आली. मंत्र्यानें सभागृहांत जें करूं म्हटलें त्याची नोंद ठेवावी, आणि तें साधारणतः तीन महिन्यांत झालें कीं नाहीं तें पाहावें, हें तिचें काम. उत्तर हा शेवट नसून एक करार आहे, अशी ही दृष्टि आहे.

मतदार आपल्या प्रतिनिधीविषयीं विचारतात तें बहुधा एवढेंच कीं, त्यानें कोणता रस्ता आणला, कोणतें काम मंजूर करून घेतलें. त्यानें कोणते प्रश्न विचारले, हें फारसें कोणी पाहात नाहीं. वास्तविक विधिमंडळाचे व संसदेचे प्रश्नोत्तरांचे वृत्तांत सर्वांना वाचण्यास खुले आहेत. आपल्या गांवच्या शाळेविषयीं, पाण्याविषयीं, धान्याच्या दुकानाविषयीं कोणी काय विचारलें व सरकारनें काय कबूल केलें, हें पाहून ज्या गांवानें तें उत्तर चावडीवर वाचून दाखविलें, त्या गांवापुरता तरी प्रश्नाचा तास बाराच्या ठोक्याला संपत नाहीं.

रसदीच्या ओझ्याखालीं दबलेल्या त्या जुन्या दुकानदाराला आपल्यासाठीं कलकत्त्यास कोणी बोललें, हें कदाचित् कधींच कळलें नसेल. आज त्याच्या पणतवाला तें कळण्याची सोय आहे. त्यानें उत्तर मागितलें पाहिजे, आणि उत्तर मिळाल्यावर तें खरें ठरलें कीं नाहीं, हेंहि विचारलें पाहिजे. राजेसाहेबांना जो दुसरा प्रश्न विचारतां आला नाहीं, तो हाच.