रेंजची नजर आणेवारी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी मावळातून आलो आहे. आमचा मुलूख इंद्रायणी भाताचा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. हा माणूस कापूस-ज्वारीवाल्यांना काय सांगणार, असे तुमच्या मनात आले असेल. आज पिकाचे बोलायचे नाही. मोबाइलच्या रेंजचे बोलायचे आहे.

हसू नका. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपले पीक आपणच फोनवरून नोंदवायचे ठरले. 2025 च्या हंगामात हमीभावाने कापूस घालायचा तर सीसीआयच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. ओटीपी आला नाही की कापूस घरात आणि व्यापारी दारात. म्हणजे बियाणे, खत तशी रेंज हीसुद्धा आता शेतीची निविष्ठा झाली. खताच्या पोत्यावर नत्र किती ते छापलेले असते आणि ते प्रयोगशाळेत तपासता येते. रेंजचे पोते कोण तपासतो?

ऑगस्ट 2024 मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. कुठे 2जी, कुठे 4जी, कुठे 5जी मिळते याचा नकाशा प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टाकावा, असे त्यात बंधन घातले. जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल, कोणाचाही नकाशा आता आपल्याला उघडून पाहता येतो. नियम चांगला आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हा नकाशा तयार कसा होतो ते समजून घ्या.

तुमच्या शेतात कोणी फोन घेऊन उभा राहिलेला नसतो. टॉवर कुठे, किती उंच, लहर कोणती, मध्ये डोंगर किती, हे आकडे संगणकात घालतात आणि तो अंदाजाने रंग भरतो. उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय मिळेल याचा तो अंदाज. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात काय मिळेल, ते त्यात येत नाही. आपल्याला हा प्रकार नवा नाही. रस्त्यावरून नजर टाकून आणेवारी लावतात, तीच ही रेंजची नजर आणेवारी. फरक इतकाच, की आणेवारी निदान सरकार लावते. इथे माल विकणाराच आपल्या मालाची आणेवारी लावतो.

आता मावळातले सांगतो. मुंबई आणि पुणे यांच्या मधला हा तालुका. रेल्वे आहे, जुना महामार्ग आहे, 2002 पासून द्रुतगती मार्ग आहे. टॉवर याच पट्ट्याला धरून उभे राहिले, कारण पैसे देणारे गिऱ्हाईक तिथूनच धावते. मी एकदा तीन कंपन्यांची कार्डे तीन फोनांत घालून मळवली स्टेशनावरून निघालो. भाजे गावावरून लोहगड-विसापूरच्या मधल्या गायमुख खिंडीत चढलो. तिथपर्यंत तिन्ही फोन बोलत होते. पलीकडे पवनेच्या खोऱ्याकडे उतरू लागलो, तसे दोन फोन मुके झाले. तिसऱ्यावर दोन काड्या दिसत होत्या, पण पान उघडेना. नकाशात मात्र तिन्ही कंपन्यांचा रंग त्या उतारावर सलग भरलेला. डोंगराची सावली उन्हाला पडते तशी लहरीलाही पडते, हे गुराख्याला कळते. संगणकालाही कळते, पण त्याला डोंगर जितक्या बारकाईने दाखवाल तितकेच. रविवारी लोणावळ्यात आणखी एक तऱ्हा. काड्या पूर्ण, पण पावसाळी गर्दीत एकेका टॉवरवर इतके फोन तुटून पडतात की निरोप जात नाही. ही गर्दी नकाशात दिसत नाही.

तुमच्या काळ्या रानात डोंगर नाही. तिथे टॉवर लांब लांब असतात, शेत रंगाच्या अगदी काठावर येते आणि वीज गेली की बॅटरी संपेपर्यंतच टॉवर जिवंत. चूक वेगळी, पण नकाशा तसाच गुळगुळीत.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत खेड्यांतल्या मोबाइल सेवेसाठी साडेचार अब्ज डॉलर वाटायचे होते. कुठे सेवा आहे आणि कुठे नाही, हे कंपन्यांच्या नकाशांवरून ठरणार होते. व्हरमाँट राज्याच्या खात्याचा एक कर्मचारी गाडीत सहा फोन ठेवून हजारो मैल फिरला. खेड्यांतून आणि शेतकरी संघटनांकडून तक्रारी झाल्या. शेवटी तिथल्या दूरसंचार आयोगाने स्वतः मोजले. नकाशात सांगितलेला किमान वेग शंभरातल्या 62 चाचण्यांतच मिळाला. डिसेंबर 2019 मध्ये अहवाल आला आणि ती योजनाच गुंडाळली गेली.

आपल्यालाही धोका नेमका इथेच आहे. 2022 मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटींची 4जी योजना मंजूर केली. अशा योजनेत ज्या गावाला रंग लागला ते गाव यादीबाहेर. गावठाणात रेंज आहे आणि तीन किलोमीटरवरच्या वस्तीला नाही, तरी गाव 'झाले'. मग नोंदणी हुकलेल्या शेतकऱ्याला कचेरीत ऐकवतात, 'तुमच्या गावात तर नेटवर्क आहे.'

तेव्हा पीक कापणी प्रयोग करतो तसा रेंजचा प्रयोग आपण करू. गावठाण, वस्ती, शाळा, लांबचे शिवार अशा पाच-सहा जागा ठरवा. त्याच जागी, सकाळी आणि संध्याकाळी, तीन दिवस. काड्यांवर विश्वास ठेवू नका. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा मिळतो. तो उणे असतो. 4जीला उणे 85 म्हणजे उत्तम, उणे 110 च्या पलीकडे गेला की ओटीपीची वाट बघत बसा. आकडा लिहा, एक पान उघडून पाहा, ते किती वेळात उघडले तेही लिहा. घरात एकदा, अंगणात एकदा. चांगला आकडा आला तर तोही लिहा, लपवू नका. एक खोटा आकडा सापडला की साऱ्या गावाचा कागद केरात जाईल. त्याच दिवशी कंपनीचा नकाशा उघडून त्या जागेचे चित्र तारखेसह छापून घ्या, कारण रंग उद्या बदलेल.

मग कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. समाधान झाले नाही तर कंपनीतल्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करा. एकेकट्याची तक्रार ट्राय घेत नाही. पण चाळीस गावांचे मोजलेले कागद आणि त्यांच्या शेजारी कंपनीचाच नकाशा घेऊन गेलो तर ती चाळीस रडगाणी राहत नाहीत.

कोष्टकाचा कोरा कागद दारापाशी ठेवला आहे. जाताना गावागणिक एक घ्या. पोरांना, सुनांना बरोबर घ्या, त्यांचे फोन आपल्यापेक्षा बरे असतात. पुढच्या बैठकीला भरलेले कागद घेऊन या, दुपारी आपण ते सारे एका नकाशावर चढवू.