सहा कैदी आणि न्यायाधीशाचा मुलगा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळाने परवा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट दाखविला आणि त्यावर चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे दिले. चित्रपट १९५७ चा. आपल्यापैकी पुष्कळजणींनी तो पूर्वी कधी ना कधी पाहिलेला असणार, आणि त्यातली प्रार्थना तर शाळेत हात जोडून म्हटलेली असणार. तेव्हा गोष्ट सांगत बसत नाही. मला बोलायचे आहे ते चित्रपट संपल्यावर चहाच्या वेळी निघालेल्या एका प्रश्नाविषयी. मागच्या रांगेतल्या एका भगिनीने विचारले, "ही सहाही माणसे खुनी ना? मग ती फासावर कशी गेली नाहीत?"

प्रश्न अगदी नेमका आहे. आदिनाथ जेलर या सहा जणांना ओसाड माळावर नेतो, त्यांच्याकडून जमीन कसवून घेतो, भाजी पिकवितो, रास्त भावाने बाजारात विकायला लावतो. त्याचे डोळे पाठीवर आहेत एवढ्या धाकाने ती माणसे सुधारतात. पण हे सारे घडायला ती जिवंत असावी लागतात. गळ्यात दोर पडला असता तर बारा हात मातीत गेले असते आणि पुढे चित्रपट उरलाच नसता.

ही नुसती कल्पना नव्हे, हेही सांगायला हवे. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिच्या मागे औंध संस्थानातला खरा प्रयोग आहे. आटपाडीजवळ १९३९ साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरच्या पुढाकाराने, कैद्यांची मोकळी वसाहत वसली. फ्रीडमन पुढे भारतानंद झाले. वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. तिला उंच भिंत नाही. कैद्याने शेत करायचे आणि बायकामुलांसह राहायचे. हा भाग आज सांगली जिल्ह्यात येतो. शांतारामबापूंनी त्यावर चित्रपट काढला, स्वतः आदिनाथ झाले, आणि बैलांच्या झुंजीच्या प्रसंगात डोळ्याला जबर दुखापत करून घेतली. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला. हे सगळे कौतुकाचेच आहे. तरी एक उणीव मला खटकते. या सहा जणांनी ज्यांना मारले, त्यांचे घर चित्रपटाने कोठे मनात भरेल असे दाखविलेले नाही. मेलेल्याची आई पडद्यावर येऊन उभी राहिली असती, तर आपण त्या सहांवर इतका जीव लावला असता का?

येथे मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. सोनगीरहून वीसएक किलोमीटर. आग्रा रोडने निघाले की तासाच्या आत पोहोचावे. १९३२ साली विनोबा तेथे राजबंदी होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ती 'गीता-प्रवचने' घरोघर आहेत, पण २१ फेब्रुवारीच्या पहिल्याच प्रवचनातला दृष्टांत आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. एक न्यायाधीश होता. त्याने शेकडो खुन्यांना फाशी दिले होते. एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून त्याच्यापुढे उभा राहिला. गुन्हा शाबीत झाला, आणि न्यायाधीश एकाएकी शहाणपण बोलू लागला की फाशी ही शिक्षा माणुसकीला धरून नाही, तिने सुधारणेची आशाच संपते. विनोबा म्हणतात, हे ज्ञान नव्हे, ममता आहे. अर्जुनाचेही तसेच झाले होते.

गंमत पाहा. न्यायाधीशाचे मुद्दे खोटे नव्हते. खोटी होती ती वेळ. आमच्या खानदेशी आईच्या तोंडून पोलीस दारात आला की 'मन्हा पोऱ्या' एवढेच निघते. शेजारच्या गावात मुलीवर अत्याचार झाला की तीच आई म्हणते, भर चौकात लटकवा. दोन्ही वेळी ती मनापासूनच बोलत असते. आणि परवा आपण डोळे पुसत त्या सहांच्या बाजूचे झालो, तेही थोडे ममतेनेच झालो. शांतारामबापूंनी आपल्याला त्यांची माया लावली म्हणून.

तेव्हा फाशी नको असे म्हणणाऱ्याने आपले मत अशा ठिकाणी लावून पाहावे जेथे माया बिलकूल नाही. मी ते कोल्हापूरच्या दोघी बहिणींच्या बाबतीत लावून पाहिले. रेणुका शिंदे आणि सीमा गावित. आईच्या जोडीने लहान मुले पळवायची, चोरीच्या वेळी त्यांचा उपयोग करायचा आणि मूल जड झाले की मारायचे, हा त्यांचा क्रम १९९६ मध्ये त्या पकडल्या जाईपर्यंत चालला. २००१ साली कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी दिली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचा अर्ज मात्र वर्षानुवर्षे पडून राहिला, तो २०१४ साली फेटाळला गेला, आणि या अक्षम्य दिरंगाईपायी १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. मला त्या बायकांची दया येत नाही; आई असलेल्या कोणाला येईल असेही वाटत नाही. दया येत नसतानाही जन्मठेप पुरे असे म्हणता येते का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. मी म्हणते, येते. पण जन्मठेप ही जन्मठेप असली पाहिजे. चार-दोन वर्षांनी सुटून कोणी सत्कार घेत फिरेल तर मृताच्या आईने आमचे का ऐकावे?

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खुनांतल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. दहा खून होते. त्या दिवशी हळहळणारे फार नव्हते, आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. गांधीजींच्या खुनाबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फासावर दिले. त्यांना फाशी देऊ नये अशी विनंती मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या मुलांनी केली होती. ती मानली गेली नाही. विनोबांच्या न्यायाधीशाला अपराधी आपला होता म्हणून फाशी नकोशी झाली. येथे मेलेला आपला बाप होता, तरी नकोशी वाटली. हे मत मायेतून आलेले नव्हते, म्हणून मला त्याचे वजन वाटते.

कायद्याविषयी थोडेच सांगते. पूर्वी खुनाला फाशी न दिल्यास न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. १९७३ च्या संहितेने उलटेच केले, फाशी द्यायची तर खास कारण लिहा. आणि १९८० साली बच्चनसिंग खटल्यात 'विरळातील विरळ' ही कसोटी आली. गरोदर बाईची फाशी आता जन्मठेपेत बदलावीच लागते. म्हणजे कायद्याचाही हात आखडत आला आहे, पण दोर अजून खुंटीला आहेच.

आता शेवटचे. हेही सहाच जण आहेत, मात्र खरे. २००३ च्या जूनमध्ये नाशिककडच्या एका मळ्यातल्या वस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बायामुलींवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा गरीब पुरुष धरले गेले. २००६ साली फाशी. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरविली. पुढे त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षे गेली होती. प्रत्येकी पाच लाख रुपये द्या, असा सरकारला हुकूम झाला.

त्या रात्रीतून वाचलेली एक आई होती. पोलिसांनी गुन्हेगारांचे फोटो दाखविले तेव्हा तिने चौघांकडे बोट केले होते. त्या चौघांत या सहांपैकी एकही नव्हता. कागदावर हे पहिल्यापासून लिहिलेले होते.