अंधारात बसलेला माणूस : २०२५चे माझे चित्रपट

(युवक-युवतींच्या वर्षअखेरच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलं होतं, ‘यंदाचे आवडते सिनेमे आणि पुढच्या वर्षी वाट बघतोयस ते सिनेमे, यावर वीस मिनिटं बोल.’ मला वाटलं, सोपं काम आहे. मी पिक्चरवेडा माणूस. ऑफिसात कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात सिनेमे बघतो. माझ्याकडे एक एक्सेल शीटसुद्धा आहे. कुठला सिनेमा, कुठल्या थिएटरला, कुणाबरोबर आणि दहापैकी गुण किती, सगळं त्यात. हसू नका, सवय आहे ती. पण काल रात्री ती शीट उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं, गुणांच्या रकान्यापेक्षा ‘कुणाबरोबर’ हा रकानाच जास्त बोलतोय. म्हणून आज तोच तुमच्यासमोर वाचणार आहे.

सुरुवात माझ्या आवडत्या यादीत नसलेल्या सिनेमापासून करतो. ‘छावा’. १४ फेब्रुवारीला लागला. आमच्या टीमने ऑफिसतर्फे एक रांगच बुक केली होती. लक्ष्मण उतेकरांचं दिग्दर्शन, विकी कौशल संभाजी महाराजांच्या भूमिकेत. विकीने काम जीव तोडून केलंय, त्यात वाद नाही. सिनेमा मला एकसुरी वाटला, ढोल फार वाजतात, पण ते जाऊ द्या. शेवटी राजांचे हाल दाखवलेत. ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मराठी शाळेत शिकलेला माणूस आहे मी, चौथीचं इतिहासाचं पुस्तक मला आजही पाठ आहे. पाणी येणारच. पण मग दिवे लागले, घोषणा सुरू झाल्या आणि डोळे पुसताना माझ्या मनात काय आलं सांगू? बाजूच्याला हे दिसू दे. माझे डोळे ओले आहेत, हे त्याने बघू दे.

मला ही गोष्ट आजवर कुणाला सांगता आली नव्हती. शेजारी बसलेला माझा सहकारी अगदी भला माणूस आहे, त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. तरी मी माझंच रडणं पुराव्यासारखं पुढे केलं. पुढे मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा वर आला, अशा अर्थाचं विधान केलं. त्या रात्री अम्मीचा गावाहून फोन आला, ‘उशिरापर्यंत भायेर फिरू नको बेटा.’ मी पुण्यात, दंगल नागपुरात, पण तिला अंतर कोण समजावणार? मी शीटमध्ये ‘छावा’च्या पुढे गुण लिहिलेच नाहीत. ती एकच जागा रिकामी आहे.

आता आवडलेले.

७ मार्चला ‘स्थळ’ आला. जयंत सोमलकर यांचा पहिला चित्रपट. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली दाखवला गेला होता आणि तिथे नेटपॅकचा पुरस्कारही मिळाला, पण आपल्याकडे थिएटरात यायला दीड वर्ष लागलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप आणि सविता नावाची मुलगी. समाजशास्त्र शिकतेय, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. नंदिनी चिकटे या मुलीने ते काम केलंय, आणि बरेचसे कलाकार त्याच भागातले, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभे राहिलेले. सिनेमाभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. पाहुणे येतात, सतरंजीवर बसतात, पोहे खातात, मुलीला समोर स्टुलावर बसवतात आणि विचारतात, नाव काय, उंची किती, शिक्षण काय. तेच प्रश्न, तोच क्रम. दिग्दर्शक ते पुनःपुन्हा दाखवतो, कंटाळा येईपर्यंत. आणि मग लक्षात येतं, आपल्याला दीड तासात कंटाळा आला, ती मुलगी हे वर्षानुवर्षं करतेय.

हा सिनेमा मी आपाबरोबर बघितला. सिनेमा सुरू होतो तेव्हा उलटंच चाललेलं दिसतं, बायका बसल्यात आणि मुलगा स्टुलावर. ते सविताचं स्वप्न असतं. आपा एवढ्या मोठ्याने हसली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं, मग त्याही हसल्या. नंतर मात्र आपा गप्प झाली. तिचं लग्न ठरण्याआधी आमच्या घरी सात ठिकाणची माणसं येऊन गेली होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीत घरी असलो की सरबताचे ग्लास आत-बाहेर नेणं हे माझं काम. एका घरच्या खालांनी तिला चालून दाखवायला सांगितलं होतं. मी ग्लास हातात घेऊन उभा होतो आणि काहीच बोललो नव्हतो.

थिएटरातून बाहेर पडताना आपा म्हणाली, ‘आपल्यात बरं आहे, निकाहच्या वेळी मुलीला विचारतात, कबूल आहे का म्हणून.’ मी म्हटलं, हो ना. तर म्हणाली, ‘पण हॉल बुक झाल्यावर विचारतात. बिर्याणीच्या देगी चढल्यावर नाही कोण म्हणेल?’ मला यावर बोलता आलं नाही. इथे ज्यांच्या घरी सध्या रिश्ते बघायचं चाललंय त्यांनी हा सिनेमा आई-वडिलांना घेऊन बघावा. भाषण द्यायची गरज पडणार नाही, पोहे समोर आले की त्यांचं त्यांनाच कळेल.

‘साबर बोंडं’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल बोलताना मलाच अवघडतं आणि ते अवघडणं लपवत नाही. रोहन कानवडे यांचा चित्रपट. सनडान्स महोत्सवात यंदा जागतिक चित्रपट विभागातलं ज्यूरीचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. मराठी सिनेमाला हे पहिल्यांदाच. वडील गेल्यावर आनंद गावी दहा दिवसांच्या सुतकासाठी येतो आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला भेटतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. आरडाओरडा नाही, कुणी कुणाला मारत नाही. त्याच्या आईला सगळं ठाऊक आहे आणि ती मुलाच्या पाठीशी आहे. मी एकटाच गेलो होतो बघायला. कुणाला ‘चल’ म्हणायचं धाडस झालं नाही. शीटमध्ये ‘कुणाबरोबर’च्या रकान्यात डॅश आहे. गुण नऊ.

‘हक’ नोव्हेंबरमध्ये आला. शाहबानो प्रकरणावर बेतलेला, नावं बदललेली. यामी गौतम आणि इमरान हाश्मी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जन्म त्या निकालानंतर खूप वर्षांनी झालाय, म्हणून थोडं सांगतो. इंदूरच्या शाहबानोंचं लग्न १९३२ सालचं. १९७८मध्ये नवऱ्याने तलाक दिला तेव्हा त्या ६२ वर्षांच्या होत्या, पाच मुलांची आई. उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली. एवढ्या रकमेविरुद्ध वकील असलेला नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. आणि १९८६मध्ये संसदेने नवा कायदा करून त्या निकालाची धारच काढून घेतली.

सिनेमा चांगला आहे. यामीचं काम मला आवडलं. नायिका धर्म सोडून बोलत नाही, उलट कुराणचाच आधार घेऊन हक्क मागते, हेही आवडलं, कारण आपल्या कितीतरी खाला-फुफी अशाच बोलतात. माझी तक्रार एकच आहे. पडद्यावरची बाई तरुण आहे, देखणी आहे. तिच्यासाठी वाईट वाटायला सोपं जातं. बासष्टाव्या वर्षी, लग्नाला ४६ वर्षं झाल्यावर तलाक मिळालेली, गुडघे दुखणारी, दातांची कवळी शोधणारी म्हातारी दाखवली असती, तर १७९ रुपये म्हणजे काय, ते जास्त कळलं असतं. अम्मीला मी याबद्दल फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘तवा आमच्या मोहल्ल्यात बी मोर्चा निघाला होता, निकालाच्या विरोधात. आम्ही बायका खिडकीतून बघत होतो.’ मी विचारलं, तुला काय वाटत होतं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आम्हाला कोण विचारलं होतं?’

आता ज्याच्यासाठी खरं तर आलोय तो सिनेमा. ‘होमबाउंड’. नीरज घायवान. २०१५च्या ‘मसान’नंतर दहा वर्षांनी आलेला त्याचा चित्रपट. माणूस मूळचा इंजिनिअर, पुण्यात एमबीए केलेला, म्हणजे आपल्याला अजून आशा आहे. मे महिन्यात कानला दाखवला गेला, २६ सप्टेंबरला इथे आला, आणि आत्ता याच महिन्यात ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागातल्या १५ चित्रपटांच्या यादीत पोहोचलाय. गोष्ट खरी आहे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये सुरतेहून गावी निघालेले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित. मध्य प्रदेशात रस्त्याच्या कडेला एकाने दुसऱ्याचं डोकं मांडीवर घेतलेला फोटो तेव्हा सगळीकडे फिरला होता. त्यावर बशारत पीर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, त्यावरून हा सिनेमा.

ईशान खट्टर शोएब, विशाल जेठवा चंदन. दोघांना पोलिसात भरती व्हायचंय. का? तर वर्दी अंगावर आली की कुणी नाव विचारणार नाही. चंदन फॉर्म भरताना आपली जात लपवतो, खुल्या वर्गातून भरतो. शोएबला एका कंपनीत नोकरी लागते. साहेबाच्या घरी भारत-पाकिस्तान मॅच चालू असते, आणि तिथे जमलेले लोक दारूच्या नादात त्याला टोमणे मारतात. मॅच तो बघत असतो, पण सगळे बघत असतात त्याच्याकडे. मला तो प्रसंग बघवला नाही. कारण माझ्यावर कुणी टोमणा मारला नसतानाही, अशा प्रत्येक मॅचला खोलीत सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा मीच असतो. विकेट पडली की मी आधी उठतो. माझं क्रिकेटवर प्रेम आहे की नाही, हेच मला आता सांगता येत नाही.

हा सिनेमा मी माझ्या हॉस्टेलच्या रूममेटबरोबर बघितला. लातूरकडचा, बौद्ध. चार वर्षं एका खोलीत काढली आम्ही. दुपारचा शो, थिएटरात अकरा माणसं, मोजली मी. चंदन फॉर्म भरतो त्या वेळी हा खुर्चीत थोडा खाली सरकला. नंतर आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर उभे राहिलो. म्हणाला, ‘पहिल्या वर्षी मी तुला ओपनचा आहे म्हणून सांगितलं होतं, आठवतं?’ मला आठवत होतं. तिसऱ्या सत्रात कुणीतरी नोटिस बोर्डावरची शिष्यवृत्तीची यादी वाचली आणि सगळ्यांना कळलं. मी त्याला कधीच त्याबद्दल विचारलं नव्हतं. मला वाटायचं, हा माझा मोठेपणा.

मग तो म्हणाला, ‘आणि तू काय बोलला होतास, तेही आठवतं?’

ते मला आठवत नव्हतं. त्याला शब्दन् शब्द आठवत होता. मेसमध्ये बसून मी म्हणालो होतो, ‘आमचं काय बाबा, ना कोटा ना वशिला, मार्कांवर आलोय.’ सगळे हसले होते. तोही हसला होता. त्याच आठवड्यात तो मला खोलीत खरं सांगणार होता, ते त्याने सांगितलं नाही.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. मी जागोजागी सांगत फिरतो की माझ्याकडे संशयाने बघितलं जातं, घर भाड्याने देताना नाव विचारतात. सगळं खरं आहे. आणि त्याच तोंडाने मी मेसमध्ये ते वाक्य बोललो होतो, हेही खरं आहे. मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘चहाचे पैसे दे.’ दिले. शीटमध्ये दहापैकी दहा आहेत, पण ते सिनेमाचे किती आणि त्या चहाचे किती, मला वेगळे करता आलेले नाहीत.

आता पुढच्या वर्षाचं पटकन सांगतो, वेळ संपत आलाय. १७ जुलैला क्रिस्टोफर नोलनचा ‘द ओडिसी’, पूर्णपणे आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित केलेला. त्यासाठी रजा आत्ताच टाकून ठेवणार आहे. जाफर पनाहींचा ‘इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’ मला अजून बघायला मिळालेला नाही, यंदाचा कानचा सर्वोच्च पुरस्कार त्यालाच. सिनेमे करायला बंदी असताना हा माणूस सिनेमे करत राहिला. त्याची एक फिल्म पेन ड्राइव्हवर घालून, केकमध्ये लपवून इराणबाहेर काढली होती असं सांगतात. आमच्या ऑफिसची डेटा सिक्युरिटीवाली मंडळी केकचा विचार करतात की नाही, देव जाणे. आणि कौथर बेन हानिया यांचा ‘द व्हॉइस ऑफ हिंद रजब’, गाझात गाडीत अडकलेल्या छोट्या मुलीच्या खऱ्या फोन-रेकॉर्डिंगवर उभा असलेला. व्हेनिसला त्याला ज्यूरीचं मोठं पारितोषिक मिळालं. त्याची मी वाट बघतोय आणि घाबरतोयही.

पण सगळ्यांत जास्त वाट बघतोय ती १ मेची. रितेश देशमुखचा ‘राजा शिवाजी’. संतोष सिवनचा कॅमेरा, अजय-अतुलचं संगीत. मी यात काय शोधणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता, पत्रव्यवहाराला काझी हैदर होता. मदारी मेहतरच्या गोष्टीवर इतिहासकारांत वाद आहे, तो सोडून देऊ. या तिघांपैकी एक जरी पडद्यावर दोन मिनिटं दिसला, नुसता मुजरा करून गेला, तरी चालेल. आणि नाही दिसला, तरी मी जाणार आहे. रूममेट येतो म्हणालाय, आपाही येणार आहे. या वेळी रडू आलं तर डोळे पुसणार नाही किंवा पुसेन, पण बाजूला कोण बसलंय ते बघायचं नाही, असं ठरवलंय. जमेल का, माहीत नाही.

ज्यांचा ‘होमबाउंड’ राहिलाय त्यांच्यासाठी, तो नेटफ्लिक्सवर आलाय. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या फ्लॅटवर प्रोजेक्टर लावतोय. खुर्च्या चारच आहेत, चटई घेऊन या. पोहे मी करतो.