सहाव्या जागेवरचा मणी

अकरावीच्या जीवशास्त्रात 'जैवरेणू' नावाचे एक प्रकरण असते. त्यात बेडूक नाही, फूल नाही. नुसती सूत्रे, षट्कोन आणि लांबलचक नावे. त्यातून दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना प्रथिने, कर्बोदके हे शब्द ओळखीचे असतात, ते इथे अचानक प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट होऊन इंग्रजीतून समोर उभे राहतात. बरीच मुले हे प्रकरण पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. मी विदर्भातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षे शिकवतो आहे. सबंध पुस्तकात आपल्या अंगाच्या इतके जवळचे दुसरे प्रकरण नाही, असे माझे मत आहे.

पन्नास किलो वजनाची एखादी मुलगी घ्या. तिच्यात सुमारे साडेबत्तीस किलो ऑक्सिजन असतो, बहुतेक पाण्याच्या रूपाने. नऊ किलो कार्बन, पाच किलो हायड्रोजन, दीड किलो नायट्रोजन. चार मूलद्रव्यांतच अठ्ठेचाळीस किलो संपले! उरलेल्या दोन किलोंत हाडांचे कॅल्शियम पाऊण किलोच्या आसपास, फॉस्फरस अर्धा किलो आणि मग पोटॅशियम, गंधक, सोडियम वगैरे. लोह जेमतेम तीन ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याएवढे. आणि आयोडिन पंधरा-वीस मिलिग्रॅम, चिमटीतही न येणारे.

पण वजनावरून महत्त्व ठरवू नका. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात पावसाने आणि बर्फाने जमिनीतले आयोडिन धुऊन नेले होते आणि गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली होती. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली तिथे मिठातून आयोडिन देण्याचा प्रयोग सुरू केला. गलगंडाचे प्रमाण उतरले. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडिनयुक्त' असे छापलेले असते, त्यामागे ही हकिगत आहे.

आता एक कोडे. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉन आहे, वजनाने चौथा हिस्सा भरून थोडा जास्तच. कार्बन त्यामानाने नगण्य. सिलिकॉनलाही कार्बनसारखेच चार हात. मग सजीव सृष्टीने हाताशी असलेले सोडून दुर्मिळ ते का निवडले? कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात, कडी करतात, फांद्या फोडतात आणि पाण्यातही टिकून राहतात. सिलिकॉनला मात्र ऑक्सिजनची इतकी ओढ, की त्याच्याशी जुळला की त्याची वाळू होते. कार्बन ऑक्सिजनशी पूर्ण जुळला तर वायू होतो. आपण तो उच्छ्वासातून सोडून देतो. सिलिकॉनचे प्राणी असते तर त्यांना श्वासागणिक वाळू टाकावी लागली असती. वर्ग इथे हसतो. हसू द्यावा, मुद्दा लक्षात राहतो.

या साखळ्यांची करामत बघायची तर ज्वारीच्या शेतात जावे. दाण्यातला स्टार्च ग्लुकोजच्या कड्यांचा आणि धाटातले सेल्युलोजही ग्लुकोजच्याच कड्यांचे. माल एकच, फक्त कडीला कडी जोडण्याची तऱ्हा वेगळी. तेवढ्या फरकाने दाण्याची भाकर आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही. गाईलाही तो स्वतःहून पचत नाही बरे का, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तो फोडून देतात. घरी करून पाहण्यासारखे म्हणजे बटाट्याच्या फोडीवर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाका. निळाकाळा डाग पडला की समजा, स्टार्च आहे.

स्निग्ध पदार्थांविषयी आज फार बोलत नाही. प्रत्येक पेशीचे आवरण त्यांचे असते, हे ध्यानात असले तरी पुष्कळ झाले.

प्रथिनांपाशी मात्र थांबले पाहिजे. ॲमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे मणी आणि त्यांच्या ओवलेल्या माळा, असे त्यांचे स्वरूप. कोणता मणी कितव्या जागी, हे डीएनए ठरवतो. रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन अशा चार माळांचे असते. मघाच्या तीन ग्रॅम लोहातले बहुतांश इथेच असते आणि त्यालाच धरून ऑक्सिजन प्रवास करतो. चारपैकी दोन माळा १४१ मण्यांच्या, दोन १४६ मण्यांच्या. या १४६च्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. काही माणसांत तिथे व्हॅलीन असते. बाकी सगळी माळ जशीच्या तशी.

ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडते, व्हॅलीन तेलकट स्वभावाचे, पाण्यापासून अंग चोरणारे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. त्याला तिसरा चिकटतो, मग चौथा, आणि दोरखंडासारखे तंतू तयार होतात. त्यांच्या ताणाने गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. हाच सिकलसेल आजार. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली त्याला रेणूचा आजार म्हटले. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ साली तो बदललेला मणी शोधून दाखवला. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये त्याची पहिली नोंद झाली. आपल्याकडे नंदुरबार, मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या पट्ट्यात तो घरोघरी ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी मी हे शिकवत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "सर, मंग माह्या भावाचं अंग याच्यानंच दुखते का?" तास संपल्यावर ती थांबली. भावाला सिकलसेल आहे, हे घरात माहीत होते. पण आजी आणि शेजारपाजारचे त्याचा दोष आईला देत. हिच्याच माहेरचे रक्त वाईट, म्हणून पोराला लागले, असे ऐकत ती माउली पंधरा वर्षे राहिली होती. पुढचे मी त्या मुलीला विचारूनच सांगतो आहे.

मी फळ्यावर चार चौकटी आखल्या. प्रत्येकाकडे या माळेच्या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक असतो. तो आजारी नसतो आणि बहुधा त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. उलट अशा माणसाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून तर हिवतापाच्या जंगलपट्ट्यात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, दोन्ही प्रती चांगल्या मिळण्याची चारात एक. भावाकडे दोन्ही प्रती बदललेल्या होत्या. म्हणजे एक आईकडची आणि एक वडिलांकडची. ती फळ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

मग मी तिला तपासणीचे सांगितले. बोटातून रक्ताचे थेंब घेऊन सरकारी दवाखान्यात प्राथमिक चाचणी होते. तीत दोष दिसला तर वाहक की रुग्ण, हे ठरवायला पुढची तपासणी लागते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तीत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले होते. आमच्या भागातल्या मुलामुलींनी हे लग्न ठरण्याच्या आधी करून घ्यावे. पत्रिका नंतर बघा. रुग्णाने पाणी भरपूर प्यावे, थंडीत कुडकुडू नये, ताप अंगावर काढू नये. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले तर वेदनेचे झटके कमी होतात.

मुलगी जायला निघाली आणि दारातून परत आली. फळ्यावर सगळे इंग्रजीत होते. म्हणाली, "सर, हे मराठीत लिहून द्या ना. आजीले वाचून दाखवतो." मी वहीचे पान फाडले, चार चौकटी पुन्हा आखल्या आणि वरच्या बाजूला आई आणि बाबा हे दोन शब्द सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिले. पानाची घडी घालून तिने ती कंपासपेटीत ठेवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)