एक पॉइंट नऊ: माझी जुनी पालिओ आणि पीयूसीची चिठ्ठी

कानात इअरफोन घालून कुणी बसमध्ये असाल, कुणी अभ्यासिकेतून चहाला बाहेर पडला असाल. आजचा भाग गाडीवर आहे, पण थोडा माझ्या चुकीवर पण आहे. आणि ती चूक तुमच्यापैकी बरेच जण आत्ता करत असणार, म्हणून सांगतोय.

तर झालं असं. गेल्या डिसेंबरात मी नांदेडमध्ये, तरोडा नाक्याच्या बाजूला, एका पीयूसी सेंटरवर गाडी घेऊन उभा होतो. पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबर प्लेटचा फोटो काढला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, फेल आहे."

मी म्हटलं, "परत बघ ना."

त्याने परत बघितलं. परत फेल.

आता गाडी कोणती ते सांगतो. फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स, २००२ ची, मुंबई पासिंग. हसू नका राव! स्पोर्ट्स कार म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर फेरारी येते हे मला माहीत आहे. पण २००१ साली पालिओ आली तेव्हा सोळाशे सीसीचं, शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन एवढ्याशा हॅचबॅकमध्ये मिळणं ही मोठी गोष्ट होती. ज्याला परवडायचं नाही तो पोस्टर लावायचा. जाहिरातीत सचिन होता. त्याच्या नावाने एस-टेन अशी खास आवृत्तीसुद्धा निघाली होती. आणि सचिनची ती गाजलेली फेरारी, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर मिळालेली, जिच्या कस्टम ड्युटीवरून देशभर वाद झाला, ती पण फियाटनेच दिली होती. म्हणजे नात्याने बघितलं तर माझी पालिओ फेरारीची चुलत बहीण लागते. गरीब घरात दिलेली.

ही गाडी मी पंचाहत्तर हजारांत घेतली. घेतली ती आवाजावर. आधीच्या मालकाने तिला असा एक्झॉस्ट बसवला होता की आयटीआय कॉर्नरला गिअर टाकला की वजिराबादेत कळावं. आम्ही मित्र त्या आवाजावर फिदा. गाडीला स्पोर्ट्स कार बनवते ती हीच गोष्ट, असं मला वाटायचं. पुढे हीच गोष्ट अंगाशी आली, ते सांगतोच.

आधी चिठ्ठीवरचे आकडे समजून घेऊ. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मुख्य दोन गोष्टी बघतात. एक, कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ. तो टक्क्यांत मोजतात. दोन, हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. ते पीपीएममध्ये, दहा लाखांत किती भाग असं. गाडी कुठल्या नियमानुसार बनली त्यावर मर्यादा ठरते. भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल कारला सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० चालतं. बीएस टू आणि थ्रीला सीओ ०.५ आणि हायड्रोकार्बन ७५०. बीएस फोरपासून पुढे ०.३ आणि २००. माझी गाडी मुंबईची, तिथे बीएस टू आपल्याकडच्यापेक्षा आधी लागू झालं होतं, म्हणून मला मर्यादा ०.५ ची.

माझा आकडा आला १.९. हायड्रोकार्बन ११४०.

चेहरा पडलेला बघून तो पोरगा हळूच म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. सहा महिन्यांनी गाडी आणूच नका. नुसता फोटो पाठवा, मी बघतो कसं करायचं ते. आज पण होईल काहीतरी."

खरं सांगतो, मी खिशात हात घातला होता. दोनशे-तीनशे जास्त गेले असते आणि विषय संपला असता. कायद्यात पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. त्यापुढे तीनशे म्हणजे काहीच नाही ना? पण तेवढ्यात फोन आला, घरी बोलावलं, मी म्हटलं उद्या येतो.

घरी गेलो तर पप्पा आडवे पडलेले. "डोकं जड पडायलंय," म्हणाले. महिनाभर हे असंच चाललं होतं. सकाळी डोकं दुखायचं, दुपारी उतरायचं. आम्ही म्हणायचो थंडी आहे, पित्त आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

आता आमचं घर असं आहे की खाली पार्किंग, तिला शटर. पप्पा सकाळी तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचतात, कारण थंडीत तिथे वारा लागत नाही. आणि मी काय करायचो? रोज सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच सोडायचो. कुणीतरी सांगितलं होतं, जुनं इंजिन आहे, गरम होऊ दे. शटर अर्धं खाली, कारण पप्पांना गार लागायचं.

त्या रात्री मी तो आकडा घेऊन बसलो. १.९ टक्के म्हणजे किती? एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. म्हणजे माझ्या सायलेन्सरच्या तोंडाशी एकोणीस हजार पीपीएम सीओ. एवढा सीओ थेट श्वासात गेला तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. जिवावर बेततं. पार्किंगमध्ये तो हवेत मिसळून पातळ व्हायचा म्हणून आम्ही वाचलो, एवढंच. सीओला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं, कितीतरी पट घट्ट. सुरुवात कशाने होते? डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं.

मी डॉक्टर नाही. पप्पांचं रक्त त्या वेळी कुणी तपासलं नाही, त्यामुळे शंभर टक्के तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गाडी ढकलून रस्त्यावर आणून चालू करायला लागलो, आणि आठवड्याभरात पप्पांची तक्रार थांबली. यावरून काय ते समजून घ्या.

तोपर्यंत पीयूसी म्हणजे माझ्यासाठी पोलिसाला दाखवायचा कागद होता. त्या रात्री कळलं की तो पप्पांच्या खुर्चीजवळच्या हवेचा रिपोर्ट होता. आणि तो मी तीनशे रुपयांत खोटा करून घ्यायला निघालो होतो.

मग गेलो आमच्या उस्तादांकडे. त्यांनी पहिलंच सांगितलं, "पहिले सस्ता देखेंगे, बाद में महंगा." हे वाक्य लिहून ठेवा. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजिन ऑईल बदललं. मग त्यांनी मल्टीमीटर काढला आणि लॅम्बडा सेन्सरला लावला.

हा सेन्सर काय करतो? सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसून धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सेन्सरच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. चांगल्या सेन्सरचा काटा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली नाचतो. माझा ०.१ वर मेल्यासारखा पडला होता. म्हणजे तो ओरडून सांगत होता, "हवा जास्त झाली, पेट्रोल कमी पडतंय!" आणि कॉम्प्युटर बिचारा ओततच होता. मायलेज नऊच्या वर का जात नाही हे पण तेव्हाच कळलं.

सेन्सर ऑनलाइन मागवला, अठ्ठावीसशे रुपये. बसवला, परत मोजलं. हायड्रोकार्बन ६२०, पास. सीओ ०.८, अजूनही फेल.

उस्ताद गाडीखाली गेले. रबरी हातोडीने पाइपवर टकटक केलं आणि हसायला लागले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा होता, पण त्यावर आडवी वेल्डिंगची रेघ. कुणीतरी डबा कापून आतलं सगळं काढलं होतं आणि रिकामा डबा परत जोडला होता. बाहेरून बघाल तर सगळं जागेवर, आत मोकळी पोकळी.

मंडळी, तो माझा लाडका आवाज त्या पोकळीतून येत होता!

कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा पातळ थर असतो. गरम धूर त्यातून गेला की सीओचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हे सक्तीचं झालं आणि त्यासोबतच शिसं नसलेलं पेट्रोल आलं, कारण शिसं त्या जाळीचा थर निकामी करतं. पण लोक ती जाळी का काढतात? आवाजासाठी, "पिकअप वाढतो" म्हणून, आणि ते धातू भंगारात चांगल्या भावाने जातात म्हणून.

आता पालिओचा कन्व्हर्टर नांदेडमध्ये कुठे मिळणार? रात्रीची देवगिरी पकडली आणि मुंबईला गेलो. कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, जिथे जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात. गंमत बघा, ही गाडी जन्माला आली तीही कुर्ल्यातच. फियाटचा कारखाना तिथे होता, त्याच जागी आधी प्रीमियर पद्मिनी बनायची. म्हणजे मी तिचं औषध आणायला तिच्या माहेरीच गेलो होतो. जुने कन्व्हर्टर दिसले, पण बहुतेक रिकामे. शेवटी सगळ्या गाड्यांना बसेल असा नवा घेतला, साडेनऊ हजाराला. नांदेडला सायलेन्सरच्या वेल्डिंगवाल्याने दोन तासांत बसवला.

पीयूसीला जायच्या आधी उस्तादांनी अजून एक गोष्ट सांगितली. थंड गाडी नेऊ नका. ती जाळी गरम झाल्याशिवाय काम करत नाही, साधारण तीनशे डिग्री लागतात. म्हणून लातूर रोडने विष्णुपुरीला विद्यापीठापर्यंत गेलो, परत आलो आणि गाडी बंद न करता थेट सेंटरवर उभी केली.

तोच पोरगा. नळी घातली. स्क्रीन बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, ०.१२. हायड्रोकार्बन ९५. काय केलं?"

मी म्हटलं, "जे काढलं होतं ते परत घातलं."

सगळं मिळून खर्च साधारण चौदा हजार. खूप आहेत, मान्य. मित्रांनी टिंगल केली ती वेगळीच. "आवाज गेला, आता आजोबांची गाडी झाली," म्हणतात. पण मायलेज नऊवरून साडेबारावर गेलं. आणि पिकअप? मला तरी काही फरक कळला नाही. वेग इंजिनात होता, आवाज नुसता डब्यात होता.

आता तुमच्या कामाचं थोडक्यात. तुमच्याकडे मोठ्या भावाची आरएक्स हंड्रेड असेल तर तिची मर्यादा वेगळी आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या टू-व्हीलरला सीओ ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० चालतं. टू-स्ट्रोक आहे, त्यामुळे टू-टी ऑईलचं प्रमाण आणि सायलेन्सरमधला कार्बन आधी बघा. बीएस थ्रीपर्यंतच्या गाड्यांना पीयूसी दर सहा महिन्यांनी, बीएस फोरपासून वर्षाने. चिठ्ठी मिळाली की फक्त "पास" बघू नका, आकडा बघा. मागच्या वेळी ०.१ होता आणि आता ०.४ झाला, तर गाडी पास आहे, पण ती काहीतरी सांगतेय.

आणि शेवटचं. पीयूसी पास असली तरी बंद जागेत गाडी चालू ठेवू नका. थंड इंजिनाचा सीओ सगळ्यात जास्त असतो, आणि जाळी तेव्हा झोपलेली असते. कार असो की बाइक, बाहेर काढा, मग चालू करा. दहा मिनिटं गरम करायची पण गरज नाही, अर्धा मिनिट थांबा आणि सावकाश निघा.

पप्पा अजूनही तिथेच बसतात, त्याच खुर्चीत. काल मी गाडी ढकलत होतो तर पेपर खाली करून म्हणाले, "फेरारीवाले, ढकलायलास काय?" मी म्हटलं, "हो, थोडा हात लावा." तर उठले की हात लावायला!

चला, तुमच्या गाडीचा शेवटचा आकडा किती आहे ते चिठ्ठी शोधून बघा आणि मला कळवा. आणि कुणी "फोटो पाठव, करून देतो" म्हणालं, तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात.